राजाची अडीच घरं

नातवाने बुद्धिबळाची नवी लाकडी पेटी उघडली आणि पॉलिशचा वास आला, तशी माझ्या तोंडाला कडू चव आली. तरुणपणी पौडच्या शाळेच्या पडवीत हाच वास होता.

पुण्याहून एक नामवंत खेळाडू आले होते. आम्ही ओळीने पट मांडून बसलो होतो आणि ते एकटे सगळ्यांशी खेळत फिरत होते. पहिल्याच खेळीला त्यांनी माझ्यापुढे प्यादं दोन घरं सारलं. आमच्याकडे प्यादं एकच घर चालतं. पण पाहुणा माणूस, चारचौघांत कशाला टोकायचं म्हणून मी गप्प बसलो.

उन्हं कलली तेव्हा बाकीचे हरून उठले होते, मी अजून तग धरून होतो. त्यांचा वजीर माझ्या राजावर येणार हे दिसत होतं, पण मला फिकीर नव्हती. आमच्या खेळात शह बसण्याआधी राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरांची उडी मारता येते. ती मी जपून ठेवली होती. मी राजा उचलून अडीच घरांवर ठेवला.

त्यांनी तो हसत पुन्हा जागेवर आणला. "राजा असा चालत नाही."

"आमच्यात चालतोय की."

"तो देशी खेळ. हा नियमाचा."

मला खेळ शिकवणारे दामूअण्णा मागेच उभे होते. ते म्हणाले, "गप खेळ. मोठ्या माणसाशी वाद घालतुयास व्हय?"

दोन खेळ्यांत मात झाली. अण्णांनीही टाळ्या वाजवल्या.

आत्ता नातवाने पहिलंच प्यादं दोन घरं सारलं. मी त्याचं मनगट धरलं.

"एकच घर," मी म्हणालो.