पंधरा मेचे ओले कपडे

तेताला कुठलीही तारीख सांगा, ती लगेच तिला आपल्या एखाद्या तारखेच्या दावणीला नेऊन बांधायची. माझा वाढदिवस एक जूनला, असं मी पहिल्याच भेटीत सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे पाच जूनच्या आधी. बरं झालं, विसरणार नाही." पाच जूनला काय असतं, हे विचारायची मला दुर्बुद्धी झाली आणि चहा दोनदा झाला. सदुसष्ट साली त्या दिवशी युद्ध पेटलं आणि पॅलेस्टाईनचं उरलंसुरलंही हातचं गेलं, हे मला पुण्याच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं. ते मी हॉलंडमधल्या लायडस्खेनडामच्या एका इमारतीत चौथ्या मजल्यावर, शेजारणीच्या स्वयंपाकघरात शिकले.

तेता म्हणजे त्यांच्या अरबीत आजी. सगळा मजला तिला तेताच म्हणे. आमचा मजला म्हणजे एक लांबलचक उघडी गॅलरी, तिला लोखंडी कठडा आणि ओळीनं दारं. तेताचं दार आमच्या शेजारी. आम्ही दोघं आयटीवाले, पर्मिटवर आलेले, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. तीही बिऱ्हाडच घेऊन आलेली, फक्त तिचं फार आधी उठलेलं. पॅलेस्टाईनमधल्या गॅलिलीच्या डोंगरातलं गाव सुटलं तेव्हा ती पाच वर्षांची होती. मग लेबनॉनमधली छावणी, तिथंच लग्न, आणि म्हातारपणी मुलामागे इथं. तिच्याशी मी डचमध्ये बोलत असे. माझं मोडकं, तिचं ठासून.

इथले लोक वाढदिवसांचं कॅलेंडर संडासाच्या भिंतीवर टांगतात. पाहुणाही बसल्या बसल्या घरातल्या सगळ्यांचे वाढदिवस पाठ करून बाहेर येतो. तेतानंही तसलंच कॅलेंडर आणलं होतं, पण टांगलं होतं बाहेरच्या दाराशी, चपलांच्या वर. त्यात नातवंडांच्या बरोबरीनं तीस मार्च हा जमिनीचा दिवस होता, बळकावलेल्या जमिनींसाठी उठलेली माणसं मारली गेली तो. दोन नोव्हेंबर होता. त्या दिवशी लंडनच्या एका मंत्र्यानं स्वतःचा नसलेला देश चिठ्ठी लिहून दुसऱ्याला देऊ केला, असं ती सांगे. आणि लाल शाईत पंधरा मे, नकबा, म्हणजे अठ्ठेचाळीस साली गावंच्या गावं उठली त्या आकांताचा दिवस. एक जूनला माझंही नाव होतं. "हे काय संडासात बसून आठवायचे दिवस आहेत?" ती म्हणायची. "येता-जाता डोळ्यांसमोर पाहिजेत."

एकदा मी तिला समजावून सांगायला गेले की आमच्याकडेही असं असतं, गेलेल्या माणसाच्या तिथीला आम्ही श्राद्ध करतो. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि मान हलवली. "मग हे ते नव्हे, पोरी. गाव कुठं गेलंय? गेलो आम्ही. गाव तिथंच आहे." तिच्या ओळखीच्या काहींनी जुन्या घरांच्या किल्ल्या जपून ठेवल्या होत्या, तिच्याकडे किल्ली नव्हती. मला उगाच वाईट वाटलं. तर म्हणाली, "आमच्या दाराला नुसती कडी होती. कडी उघडायला किल्ली कशाला लागते?"

दर पंधरा मेला ती ट्रामनं हेगला जायची आणि चौकात आपल्या लोकांत उभी राहायची. इथं आल्यापासून एकही वर्ष चुकवलं नव्हतं, गुडघ्याच्या ऑपरेशननंतरही नाही. आणि मग कोरोना आला. जमायला बंदी, तिच्या छातीत आधीच दमा, आणि मुलाची ताकीद की दाराबाहेर पाऊल टाकायचं नाही. त्या चार मेला रात्री आठला, युद्धात मेलेल्यांसाठी सगळा देश दोन मिनिटं गप्प उभा राहतो तेव्हा, आम्हीही आपापल्या दारात उभे राहिलो. तेता काळा झगा घालून ताठ उभी होती. दोन मिनिटं संपल्यावर तिनं मला ऐकू जाईल इतक्याच आवाजात म्हटलं, "यांच्या दिवसाला मी उभी राहते. माझा दिवसही चुकणार नाही. चौक नाही तर नाही."

चौदा तारखेला मास्क लावून ती आमच्या दारात उभी. "हिरवं काही आहे का? मोठं." माझ्याकडे हिरवी, मोठी अशी एकच वस्तू होती, मंगळागौरीला आईनं नेसवलेली रेशमी साडी. तेताचा बेत ऐकून निखिलनं, माझ्या नवऱ्यानं, लॅपटॉप मिटला. "अगं, पर्मिट रिन्यूअल तोंडावर आलंय. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला?" त्याचं चूक नव्हतं. पण तेता दारात तशीच उभी होती आणि तिला नाही म्हणायला लागणारे डच शब्द मला आले नाहीत. मी साडी दिली. वर बजावलं, "जपून हं, खरं रेशीम आहे."

कठड्याला झेंडे आणि फलक लावायला मनाई आहे, अशी इमारतीच्या समितीची नोटीस लिफ्टमध्ये होती. धुतलेले कपडे वाळेपर्यंत ठेवता येतील, असंही त्याच नोटिशीत होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी कठड्यावर ओळीनं चार कपडे वाळत होते: लाल टेबलक्लॉथ, तेताचा काळा झगा, पांढरी चादर आणि माझी हिरवी साडी. शेजारी खुर्ची टाकून तेता.

समितीचे अध्यक्ष पहिल्या मजल्यावर राहायचे. मी त्यांना मनातल्या मनात नोटीसकाका म्हणत असे. ते दुपारी वर आले, लांब उभे राहून पॅलेस्टाईनच्या झेंड्याचे चारही रंग वाचले, मग पुढे होऊन चादर चाचपली. "वाळलेत, मेव्रॉ. काढून घ्या." बाईला मेव्रॉ, पुरुषाला मेनेर, ही इथली अदब त्यांनी सोडली नाही. मी आत ऑफिसच्या कॉलवर होते, माइक बंद करून खिडकीशी आले. तेता उठली, फुलझाडांची झारी घेतली आणि शांतपणे चारही कपड्यांवर धार धरली. "नाही, मेनेर. अजून ओले आहेत." नोटीसकाका तासाभरानं पुन्हा आले. झारी पुन्हा निघाली. तिसऱ्यांदा ते आलेच नाहीत, खालच्या मजल्यावरची बाई मात्र डोक्यावर पाणी पडतंय म्हणून ओरडून गेली. अंधार पडेपर्यंत ते कपडे वाळले नाहीत. माझ्या साडीचा रंग चादरीवर उतरला, काठ आकसला. मी रडायच्या बेतात होते आणि हसतही होते. तेता डाग पडलेली चादर घडी घालत म्हणाली, "हा मी काढणार नाही."

पुढच्या जानेवारीत तिला कोरोना झाला. ॲम्ब्युलन्सवाले तिला खाली न्यायला आले तेव्हा मी दारातच उभी राहिले, जवळ जायची सोय नव्हती. तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. तो तिनं हातानं बाजूला केला, बरोबरचा माणूस रागावला तरी केला, आणि म्हणाली, "या वर्षी पंधरा मे शनिवारी येतोय. तुला सुट्टी असेल." मला ती आवडत होती, फार आवडत होती, आणि हे तिला सांगण्याऐवजी मी नुसतं "हो, तेता" म्हटलं. ती परत आली नाही. घर रिकामं करताना तिच्या मुलानं एक पिशवी माझ्या दाराला अडकवली. त्यात टेबलक्लॉथ, झगा आणि हिरव्या डागाची चादर होती.

त्या मे महिन्यात गाझाच्या बातम्या बघवत नव्हत्या. शनिवारी सकाळी मी चारही कपडे भिजवले, पिळले आणि आमच्या कठड्यावर टाकले. निखिल आत स्वयंपाकघरात होता. पर्मिटचं पत्र अजून यायचंच होतं. दुपारी लिफ्टचं दार वाजलं. नोटीसकाका आले, तेताच्या बंद दाराकडे त्यांनी एकदा पाहिलं आणि मग साडीचा काठ दोन बोटांत धरला. वारा सुटलेला, ऊन कडक.

"वाळलेत, मेव्रॉ."

मी झारी आणायला वळले, तेवढ्यात स्वयंपाकघराची खिडकी उघडली. निखिलनं काठोकाठ भरलेली झारी बाहेर माझ्या हातात दिली.

"नाही, मेनेर," मी म्हटलं आणि धार धरली. "अजून ओले आहेत."