भटूदादाचे निळे ट्रॅक

भटूदादा गेल्याची बातमी मला बँडवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. वर खानवेलच्या कुणीतरी विचारलं होतं, "भटूभाई, हळदीवालं गाणं कधी देता?" आणि त्याच्याखाली दुसऱ्याच कुणाचं उत्तर होतं, "भटूभाई सवारे ऑफ थई गया." सिल्वासात मरणाची बातमीही अशीच येते, ज्याच्या तोंडात जी भाषा असेल तिच्यात. मी तेव्हा वापीला एका छापखान्यात प्रूफ वाचत बसले होते. सिल्वासातल्या आमली भागात पोहोचले तोवर भटूदादांच्या खोलीसमोरच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि खोलीत माणसांची दाटी होती. हृदयविकाराचा झटका आला होता. सकाळचा चहा कपात तसाच राहिला, असं शेजारची बाई येणाऱ्या प्रत्येकाला सांगत होती... मी भिंतीला टेकून उभी राहिले. कोपऱ्यात त्यांचा कॉम्प्युटर होता आणि कुणीतरी त्याच्या पडद्यावर टॉवेल टाकून ठेवला होता.

भटूदादा मूळचे शिरपूरकडचे. नरोलीच्या कारखान्यात धाग्याला पीळ देणाऱ्या मशीनवर त्यांनी ऐन उमेदीची वर्षं काढली. सुट्टीच्या दिवशी ते लग्नाच्या बँडमध्ये कीबोर्ड वाजवायचे. पुढे नोकरी सोडून त्यांनी आमलीत राहायला एक खोली भाड्याने घेतली, भिंतींना गोधड्या ठोकल्या आणि तिलाच स्टुडिओ म्हणायला सुरुवात केली. आमच्या भागातले बँड लग्नाचा सीझन तोंडावर आला की तासाभराचं नॉनस्टॉप गाणं रेकॉर्ड करून घेतात. त्यात कीबोर्डवर वाजवलेला तारपा असतो, ढोल, थाळी, झांज, बायकांचा कोरस असतो, आणि टेम्पोवरच्या स्पीकरमधून तेच गाणं गावोगाव वाजतं. उरलेल्या महिन्यांत रिक्षावरून फिरवायच्या घोषणा. मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती अशाच एका घोषणेसाठी.

माझे वडील कोकणातून इथे शिक्षक म्हणून आले. आमच्या घरी वर्तमानपत्रापेक्षा कामगार चळवळीची पत्रकं जास्त यायची आणि मी वाचायला शिकले ती त्यांच्यावरच. साहजिकच नरोलीतल्या कामगार सभेची घोषणा मी दोन पानी लिहून नेली होती. भटूदादांनी पानं चाळली आणि म्हणाले, "ताई, हाई वाचता वाचता रिक्षा वापीले पोची जाई." मी रागावून म्हटलं, "मग पेट्रोल भरा जास्त." ते खूप हसले. शेवटी अर्ध्या पानावर तडजोड झाली, आणि त्या दिवसापासून माझं नाव 'पत्रकवाली' पडलं.

त्यांच्या कॉम्प्युटरची अवस्था मात्र हसण्यासारखी नव्हती. गाणं बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक वाद्याची, प्रत्येक आवाजाची वेगळी पट्टी असते, तिला ट्रॅक म्हणतात. भटूदादांच्या एकेका गाण्यात ट्रॅकची ही रांग लागलेली, आणि सगळ्यांची नावं 'ऑडिओ' आणि पुढे आकडा. ढोल कुठे आणि कोरस कुठे हे शोधायला एकेक वाजवून बघावं लागायचं. त्यात सॉफ्टवेअर कुणाच्या तरी पेनड्राइव्हवरून आलेलं, चोरीचं, मधूनच बंद पडणारं. माझा तत्त्वाचा प्रश्न होता. मी म्हटलं, "मालकाच्या चोरीवर बोलायचं आणि आपण चोरीचा माल वापरायचा, हे चालणार नाही." ते म्हणाले, "तू लगीनमाबी पत्रक वाटशी." पण मी फुकट आणि कायदेशीर मिळणारं एक सॉफ्टवेअर आणलं, तेव्हा ते मुकाट्याने शेजारी बसले.

पत्रकांची मांडणी करता करता मला कॉम्प्युटर बऱ्यापैकी कळू लागला होता. त्या उन्हाळ्यात आम्ही त्या सॉफ्टवेअरला आमच्या सोयीचं वळण लावलं. ट्रॅकना मराठीत नावं दिली तर पडद्यावर अक्षरांऐवजी नुसते चौकोन दिसायचे. फॉन्ट बदलला, सेटिंग बदललं, तेव्हा कुठे 'ढोल', 'थाळी', 'वरमाईचा कोरस' असं वाचता येऊ लागलं. नको असलेल्या मेनूंना पडद्यावरून हाकललं. नवीन गाणं उघडलं की ठरलेले ट्रॅक ठरलेल्या जागी तयार मिळतील, असा साचा बनवून ठेवला. रंग मात्र मी देऊ लागले तेव्हा त्यांनी माझा हात थांबवला आणि माउस स्वतःकडे घेतला.

त्यांनी दिलेल्या रंगांचा मला काही केल्या मेळ लागेना. ढोल पिवळा, ठीक. बास पिवळा, पुरुषांचा आवाज पिवळा. पण झांज, थाळी, घुंगरू निळे, आणि त्यांच्याच सोबत बायकांचा कोरसही निळा. वाद्यं एका रंगात, माणसं एका रंगात, असा कुठलाच हिशोब त्यात बसत नव्हता. वर त्यांना एक बटण असं हवं होतं की ते दाबलं की पिवळे ट्रॅक लपतील आणि फक्त निळे समोर राहतील. मी बटण करून दिलं आणि विचारलं, "हे निळे म्हणजे नेमके कोणते?"

"जे माले दिसतस त्या."

"आणि पिवळे?"

"जे ऐकू येतस त्या."

मला वाटलं थट्टा चालली आहे. त्यांच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती... मशीनच्या आवाजाने त्यांचे कान गेले होते. पूर्ण नाही. ढोल ऐकू यायचा, मोटारीचं इंजिन ऐकू यायचं. बारीक, टोकदार आवाज मात्र आता त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हते. सुरुवातीच्या एका गाण्यात झांज इतकी चढली होती की लोकांनी कानांवर हात ठेवले, तेव्हा त्यांना स्वतःबद्दल पहिल्यांदा कळलं. मग त्यांनी एक युक्ती काढली. कान शाबूत होते तेव्हाचं स्वतःचं एक रेकॉर्डिंग त्यांच्याजवळ होतं. आवाजाचा आलेख दाखवणारी एक खिडकी अशा सॉफ्टवेअरमध्ये उघडता येते. जुन्या रेकॉर्डिंगचा आलेख एका बाजूला ठेवायचा, नव्या गाण्याचा दुसऱ्या बाजूला, आणि निळ्या ट्रॅकचा आवाज कमी-जास्त करत दोन्ही रेघा जुळवायच्या. झांज ते ऐकत नव्हते, बघत होते. ही गोष्ट त्यांची बायको कल्पनावहिनी सोडून कुणालाही माहीत नव्हती.

मी त्याच आठवड्यात पत्रकाचा मसुदा लिहिला. ज्या मशीनवर भटूदादा होते, तिथे आजही पोरं उभी आहेत, कानात कापसाचे बोळे घालून, आणि ते बोळेही घरून आणलेले. कानांची तपासणी कुणी करत नाही आणि कान जाणं ही इजा आहे हे कुणी मानत नाही, कारण रक्त येत नाही. हे सगळं मी भटूदादांच्या नावानिशी लिहिलं होतं. त्यांनी चष्मा लावून शेवटपर्यंत वाचलं.

"लिखेल झकास शे," ते म्हणाले. "पण हाई छापं का मी उपाशी. कान गयेल साउंडवालाकडे कोन येई?"

"तुमच्यासारखे शेकडो असतील. कुणीतरी आधी बोलायला हवं ना?"

"नाव काढी टाक. 'एक कामगार' लिख."

"'एक कामगार' म्हटलं की मालक म्हणतो, असा कुणी नाहीच. तुम्ही लपलात की त्याचंच फावतं."

"मी लपेल नही," ते पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "मी धंदा करी ऱ्हायनू."

मी कागद उचलला आणि निघाले. माझं मत तेव्हा जे होतं तेच आजही आहे. नाव नसलेल्या दुखण्याला कुणी विचारत नाही. पण ज्याचं नाव आहे त्याच्या संमतीशिवाय ते छापायचं, हेही मला मान्य नव्हतं. मसुदा तसाच राहिला, आणि आमच्यातलं बोलणंही कमी झालं.

मग एका दुपारी त्यांचा फोन आला. फोनवर ते नेहमी मोठ्याने बोलायचे, त्या दिवशी कुजबुजत होते. "ताई, सगयं राखोडी व्हई गय. लवकर ये." मी स्कूटर काढून गेले. खोलीत खानवेलचा बँड बसला होता आणि पुढ्यात त्यांचा म्होरक्या जयेश. सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीवर गेलं होतं आणि जाताना आमची सगळी मांडणी पुसून गेलं होतं. पडद्यावर एकजात राखाडी पट्ट्या, नावांच्या जागी पुन्हा चौकोन, आलेखाची खिडकी गायब. गाणं वाजत होतं आणि झांज कानात सुईसारखी टोचत होती. भटूदादा मान डोलवत होते. जे ऐकू येत नव्हतं त्यावरसुद्धा मान डोलवत होते...

जयेश म्हणाला, "भटूभाई, झांज बहु लागते कानाला. कमी करा नी."

"करस, करस," भटूदादा म्हणाले आणि माउस फिरवू लागले. त्यांनी पकडलेला ट्रॅक झांजेचा नव्हता. जयेशने भुवया उंचावून माझ्याकडे बघितलं. "आज भाईचं ध्यान कुठे हाय?"

मी दुसरी खुर्ची ओढून बसले. आमच्या सेटिंगची एक प्रत मी माझ्या पेनड्राइव्हवर ठेवली होती. ती तिच्या जागी टाकली, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं. आधी नावं आली, मग पिवळा, मग निळा. भटूदादांनी ते बटण दाबलं, निळे ट्रॅक तेवढे समोर राहिले, दोन्ही आलेख शेजारी शेजारी उघडले आणि त्यांनी झांज बरोबर तिथे आणून ठेवली जिथे ती असायला हवी. जयेश म्हणाला, "हां, आता कसं!" आणि गाण्याच्या ठेक्यावर मांडी वाजवू लागला.

बँड गेल्यावर भटूदादांनी गाणं बंद केलं. मग म्हणाले, "आज तू खोटं बोलनी."

"मी एक शब्दही बोलले नाही."

"तेच ना. तुले बी जमस."

मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही. त्यांनी चहा मागवला, आणि चहा येईपर्यंत पडद्यावरचे निळे ट्रॅक एकेक करून बंद-चालू करत राहिले. मग एकदम म्हणाले, "हाऊ सिझन व्हई जाऊ दे. घेतेल गाणा देई टाकस. मंग लिख, नावसकट. पुढला साल कोनी आलं तं आलं." त्यांनी मसुद्यातली एक चूक मात्र दुरुस्त करायला सांगितली. ते कानात कापूस घालायचे असं मी लिहिलं होतं. ते म्हणाले, कापूस पहिली दोन-चार वर्षं, नंतर त्याचीही गरज वाटेना.

सीझन संपायच्या आत ते गेले.

हळदीवालं गाणं अर्धवट होतं. दिवसकार्य झाल्यावर जयेश ते न्यायला आला. कल्पनावहिनीने त्याला सगळं सांगितलं. निळे ट्रॅक कोणते, पिवळे कोणते, बटण कशासाठी. माझ्यासमोरच सांगितलं. मला वाटलं होतं तो हळहळेल. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "भाभी, आम्हाला आधी बोलायला पाहिजे होतं नी. लोकांचे पैसे घेऊन आम्ही वाजवतो." पेनड्राइव्हवर फाइल भरून घेतली आणि गाणं पुरं करायला वापीच्या दुसऱ्या स्टुडिओकडे गेला. त्याच्या मागोमाग इतर बँडही आपली जुनी गाणी तिथे तपासून घ्यायला गेले. जयेश वाईट माणूस नाही. पण भटूदादांची भीती खरी होती, हे इथे नोंदवायला हवं. ते भित्रे नव्हते. त्यांना आपलं गिऱ्हाईक माहीत होतं. आणि कारखान्यात गेलेले कान लपवायची पाळी ज्याचे गेले त्याच्यावर यावी, ते घेणाऱ्या मालकाने उजळ माथ्याने फिरावं, हे जोवर असं आहे तोवर मला गप्प बसता येणार नाही.

तरीही संमतीचा प्रश्न उरत होता. मेलेल्या माणसाचा शब्द माझ्याजवळ होता, पण त्या खोलीत अजून वहिनी राहतात. गेल्या रविवारी मी तेच विचारायला गेले. वहिनी ओट्यापाशी भाकरी थापत होत्या, मी दाराशी पाटावर बसून बोलत होते. माझं बोलून झालं. त्यांनी तव्यावरची भाकरी उतरवली, हात पुसले, चालत माझ्यासमोर आल्या, वाकल्या आणि माझ्या खांद्याला हात लावून थांबल्या. आधी मला कळलं नाही. मग लक्षात आलं, मी मान वर करून त्यांच्या ओठांकडे बघायची त्या वाट बघत होत्या. इतकी वर्षं घरात भटूदादांशी त्या अशाच बोलत आल्या आहेत, आणि आता समोर कोणीही असो, पाठीमागून बोलणं त्यांना जमत नाही...

मी मान वर केली. मग त्या एकेक शब्द सुटा करत म्हणाल्या, "लिख. नाव बी लिख."