पगारी पेशंट

पंख्यांचा कारखाना बंद पडला, तेव्हा गावात पगार देणारं एकच ठिकाण उरलं. टेकडीवरचं विद्यापीठ. तोवर त्याला गावात कोणी हिंग लावून विचारत नव्हतं. पोरं तिथे शिकतात आणि खाली येऊन उधारीवर चहा पितात, एवढीच त्याची ख्याती. मंदी आली आणि टेकडीवरच्यांना एकदम खालचं गाव दिसायला लागलं. कुलगुरूंनी फर्मान काढलं, की गावातल्या माणसाला जमेल ते काम गावातल्याच माणसाला द्यायचं. मग वेल्डर वसतिगृहाच्या खाटा सांधायला लागला. रंगखात्याचा मुकादम ग्रंथालयात उभा राहून ‘हळू बोला’ म्हणून बोंबलायला लागला. आणि पंख्याच्या पात्यांचा तोल साधण्यात जिची उमर गेली, त्या मावशीला विद्यापीठाने पेशंट केलं.

खरीखुरी नव्हे, पगारी. मेडिकल कॉलेजातली पोरं खऱ्या रोग्याला हात लावायच्या आधी खोट्यावर हात बसवून घेतात. खोट्याला एक कार्ड मिळतं, त्यावर दुखणं लिहिलेलं असतं. विचारलं तेवढंच सांगायचं, पदरचं काही घालायचं नाही आणि येणाऱ्या प्रत्येकाला अगदी तस्संच सांगायचं. म्हणजे परीक्षा सगळ्यांना सारखी.

इथेच घोडं पेंड खायला लागलं. मावशीला एकच गोष्ट दोनदा सारखी सांगायची म्हणजे जिवावर यायचं. सकाळची साधी पोटदुखी दुपारपर्यंत जाऊबाईच्या स्वयंपाकापर्यंत पोचायची आणि संध्याकाळी तिच्यात जमिनीचा वाद शिरायचा. मूळव्याध दिली त्या दिवशी तर तिने बसायलाच नकार दिला आणि उभ्याउभ्या सगळ्या वर्गाला हसवलं.

परीक्षा घेणाऱ्या मॅडम हसल्या नाहीत. “मावशी, आता एकदा जरी कार्डाबाहेर गेलात, तर मला दुसरं माणूस बघावं लागेल.”

मावशीने कार्ड पुन्हा पहिल्या ओळीपासून घोकायला घेतलं. घरात तेवढाच पगार येत होता. नवराही त्याच कारखान्यातला, मोटारीला तार गुंडाळायचा. काम सुटल्यापासून त्याने स्वतःलाच गुंडाळून घेतलं होतं. रोज बायकोबरोबर टेकडी चढायचा, कॉलेजच्या बाकावर बसायचा आणि तिचं काम संपलं की उतरायचा. बोलणं म्हणाल तर ‘हं’.

वार्षिक परीक्षेला मावशीला नवं कार्ड मिळालं. वय पन्नाशीचं, कारखान्यातलं काम सुटलेलं, छातीवर दडपण, झोप उडालेली. कामाविषयी विचारलं की डोळ्यांत पाणी आणणे.

“अहो मॅडम, ही तर मीच की!”

“तुमच्यासारख्यांचा अभ्यास करूनच बनवलंय.”

“मग अभ्यास कच्चा राहिला. मी कुठे रडले? गेटला कुलूप लागलं त्या दिवशी आम्ही बायकांनी मॅनेजरच्या खुर्चीत बसून फोटो काढले.”

“मावशी, कार्ड.”

“रडते बाई, रडते.”

आणि ती रडली. एकामागून एक पोरं आत आली, प्रत्येकासमोर नळ सोडल्यासारखी, अगदी तेवढीच रडली. पगार वाचला असं वाटायला लागलं तेवढ्यात एक किडकिडीत मुलगी आली. तिनेही कामाचं विचारलं, मावशीने डोळे भरले. मुलगी थांबली, खुर्ची जवळ ओढून म्हणाली, “काकू, कारखान्यात नेमकं काय करायचात तुम्ही?”

कार्डात याचं उत्तर नव्हतं. नसेल तेव्हा ‘सांगता येत नाही’ म्हणायचं, असा नियम. मावशीने तोंड उघडलं, पण ते तीन शब्द काही बाहेर येईनात. सांगता येत नाही? तिला? मग पाती कशी जोडायची, फिरवून कशी बघायची, झुकेल तिथे शिशाचा तुकडा कसा चिकटवायचा, बिघडलेला पंखा छताला लागला तर घरातली माणसं कशी जीव मुठीत धरून झोपतात, हे सगळं मुलीला मावशीच्या हातवाऱ्यांसकट ऐकावं लागलं. तीही खुळी, ऐकत बसली. घंटा वाजली तेव्हा तिचा चेहरा उतरला.

“काकू, माझं छाती तपासायचं राहिलंच. मी नापास.”

मुलगी बाहेर गेली. मावशीने घटकाभर खुर्ची उबवली. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं? मग तिने स्वतःलाच एक शिवी घातली, उठली आणि मॅडमपुढे जाऊन उभी राहिली. “मी कार्डाबाहेर गेले. पोरीचा वेळ मी खाल्ला. तिची परीक्षा परत घ्या, मला काढा.”

मॅडमनी डोकं धरलं. “परत घेईन हो, पण पेशंट नवा लागतो. बाकीचे सगळे गुंतलेत. आता कुठून आणू?” बोलताबोलता त्यांची नजर दाराबाहेर बाकावर गेली. “ते कोण?”

“ते? आमचे हे.”

“चेहरा तर तयार आहे.”

मावशीने नवऱ्याला दंडाला धरून उठवलं. “ऐका. छातीवर दडपण आहे म्हणायचं. कामाचं विचारलं की रडायचं. विचारल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, त्यात तर तुम्ही पदवीधर आहात. नीट केलंत तर पगार घरातच राहील.”

“हं.”

या वेळी खोली दुसरी मिळाली. तिच्या एका भिंतीला आतून आरशासारखी दिसणारी काच होती. पलीकडून मॅडम आणि मावशी बघत होत्या, आतलं बोलणंही ऐकू येत होतं.

“काका, काम काय करता?” मुलीने विचारलं.

नवरा स्वतःच्या बोटांकडे बघत राहिला.

“रडा हो, रडा!” मावशी काचेला नाक लावून पुटपुटली.

“काम गेलं,” तो म्हणाला. “बायको आहे.”

मुलीला हसू फुटलं. तिने छाती तपासली, दंडाला पट्टा बांधून रक्तदाब घेतला. मग म्हणाली, “झोप लागते?”

“नाही.”

“घरी सांगितलंत?”

“कसं सांगणार? हिला वाटतं, पाठ टेकली की मी मेल्यासारखा झोपतो. मी झोपलो असं वाटलं की ही बोलायला लागते. कारखान्याचं. मधेच रडते. मग मला आणखी गाढ झोपावं लागतं.”

मॅडमनी हातातलं कार्ड पाहिलं. “झोप लागत नाही, इथपर्यंत कार्डात आहे. पुढचं तुम्ही शिकवलंत?”

“झोपेचं मी सांगायलाच विसरले होते,” मावशी म्हणाली. तिचं नाक अजून काचेलाच होतं.

मॅडमनी मुलीला पास केलं. मग मावशीकडे वळून म्हणाल्या, “परीक्षेला तुम्ही दोघंही नकोत मला. सरावाच्या वर्गाला या. तिथे पोरांनी माणसाला बोलतं करायला शिकायचं असतं. पगार थोडा कमी आहे.”

“दोघांना?”

“दोघांना.”

नवरा बाहेर आला. “जमलं का?”

“कसलं डोंबलाचं जमलं! रडायला सांगितलं होतं ना?”

“विसरलो.”

टेकडी उतरायला लागल्यावर मावशी वळणाशी एकदम थबकली. “म्हणजे तुम्ही सगळं ऐकता? परवा मी तुमच्या आईबद्दल बोलले, तेही?”

“तेही.”

“अगंबाई!”

“निम्मं खरंच आहे म्हणा त्यातलं,” नवरा म्हणाला आणि तिच्या हातातली पिशवी घेऊन पुढे चालायला लागला.