साळवे बाईंची हार्ड डिस्क

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि ती तर सगळीकडं सांगत फिरते की आमच्या ह्यांच्या पोटात काही राहत नाही. आज तुम्हाला सांगतोय, कारण थोड्या वेळानं हेच मला दुसऱ्या एका घरी जाऊन सांगायचंय, आणि तिथं अडखळायचं नाही. म्हणून काय अडखळायचं ते इथं अडखळून घेतो.

मी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला आहे. पण गल्लीत मला ओळखतात कॉम्प्युटरवाला म्हणून. शिकलो-बिकलो नाही कुठं, नुसता नाद. प्रोग्राम लिहायचा नाद, जुनी मशीनं उघडून पुन्हा जोडायचा नाद. टेबलावर नवा लॅपटॉप आहे, इतका पातळ की उघडताना मोडतो की काय वाटतं. आणि पलंगाखाली एक जुना डबा आहे, पांढऱ्याचा पिवळा पडलेला. तो अजून चालतो. आधी खरखर करतो, मग टीं वाजतं, आणि काळ्या पडद्यावर एक रेघ लुकलुकत बसते. बघणारे म्हणतात, वा, काय जपलंय! जपलंय? त्या डब्यात काय आहे ते ऐका आधी.

साळवे बाई आम्हाला शाळेत मराठी शिकवायच्या. त्या रिटायर झाल्या तेव्हा त्यांच्या मुलानं, अनिलदादानं, ऑफिसातून निघालेला एक कॉम्प्युटर घरी आणला. दादा थोडे दिवस त्यावर पत्ते खेळला आणि कंटाळला. बाईंनी मात्र मराठी टायपिंग शिकून घेतलं — माझ्याकडून. मी तेव्हा नुकता नोकरीला लागलेलो, अंगात लई मस्ती. ज्या बाईंनी माझ्या हातावर पट्टी मारली, त्यांना मी शिकवतोय म्हणजे काय गंमत होती का!

बाईंचं माहेर चितेगाव. तिथल्या म्हाताऱ्या बायका भीमजयंतीला, बुद्धपौर्णिमेला, कुणाच्या घरी बारसं असलं तर गायच्या. बाबासाहेबांचे पाळणे, लग्नातली गाणी. कुठं छापलेली नाहीत, ज्यांनी त्यांनी आपल्या मनानं जोडलेली. बाई एकेकीला घरी घेऊन यायच्या, चहा पाजायच्या, कॉम्प्युटरशेजारी बसवायच्या आणि म्हणायच्या, "गा." ती गायची, बाई टाइप करायच्या. वत्सलाआजी म्हणून एक होती, ती मध्येच थांबून पडद्याकडं बघायची. "आलं का गं माझं गाणं त्याच्यात?" बाई म्हणायच्या, "आलं की." "व्हय? मग म्होरलं घे."

आधी बाई कागदावर घ्यायच्या. "कागद कशाला आता बाई, थेट मशीनवर घ्या" — हे शहाणपण कुणाचं? माझंच. फ्लॉपीवर दुसरी प्रत काढून ठेवायची असते हे मला ठाऊक होतं, बाईंना नव्हतं. मी ते काम उद्यावर टाकत राहिलो.

मग दादानं मोठी डिस्क आणली, सिनेमे ठेवायला. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवून द्यायचं, एवढंच माझं काम. नवीची तयारी मी घरून करून नेली होती, नुसती शेवटची एकदा साफ करायची होती. त्या काळी डिस्कच्या पाठीला नखाएवढी प्लास्टिकची टोपी असायची, जंपर म्हणायचे तिला. ती कशी बसवली यावर मशीन ठरवायचं, पहिली डिस्क कुठली आणि दुसरी कुठली. मी ती बसवली चुकीची, आणि परत बघितलं नाही. बघायला काय लागत होतं? पण दादा शेजारी उभा होता आणि मला माझा हात किती चालतो ते दाखवायचं होतं. फ्लॉपीवरून मशीन चालू केलं, दुसरी डिस्क, म्हणजे माझ्या हिशेबानं नवी, साफ कर असा हुकूम टाइप केला. मशीननं विचारलं, हिच्यावरचं सगळं जाईल, चालेल का? मी बिनधास्त हो दाबलं.

साफ करून झालं की मशीन सांगायचं, डिस्क एवढी मोठी आहे म्हणून. आकडा आला तो छोटा. जुन्या डिस्कचा. म्हणजे साफ झाली ती बाईंच्या गाण्यांची.

इथवर ती चूक होती. चूक कुणाची होत नाही? पण पुढचं — पुढचं मी डोकं ठिकाणावर असताना केलं.

ते लोडशेडिंगचे दिवस. टाइप करता करता लाइट जायची, आणि पुन्हा मशीन लावलं की निळ्या पडद्यावर पाटी यायची, मला नीट बंद केलं नव्हतं म्हणून. बाई त्या पाटीला लई भ्यायच्या. "सतीश, माझ्यानं काही बिघडलं तर नाही ना रे?" मी हसायचो, काही होत नाही बाई, करा तुम्ही खुशाल. त्यांची ही भीती मला ठाऊक होती. आणि दादानं विचारलं, "काय झालं रे?", तेव्हा मी तीच भीती उचलली. म्हणालो, "डिस्क आधीच खराब झाली होती दादा. नीट बंद केली नाही की असं होतं."

बाईंचं नाव मी घेतलं नाही. घ्यायची गरज होती का? दादानं तोंड सोडलं, "तरी सांगत होतो आईला, कळत नाही तर हात कशाला लावतेस!" बाई माझा चहा घेऊन दारात उभ्या होत्या. "माझ्याच हातानं गेलं का रे सगळं?" मी मान हलवली. म्हणजे धड होही नाही, धड नाहीही नाही — छे, आता तरी खरं बोलावं माणसानं. होच म्हणालो. चहाही प्यायलो.

एवढ्यावर तरी थांबावं? "भंगार झालीय, मी नेतो" म्हणून ती डिस्क मी घरी आणली. भंगार कसली, ठणठणीत होती. माझ्या डब्यात बसवली आणि वर्षानुवर्षं वापरली. माझा पहिला चालणारा खेळ तिच्यावर लिहिला, कारखान्यात ज्याचं कौतुक झालं तो प्रोग्रामही तिच्यावरच. पुढं एकदा वाचनात आलं की असं साफ केल्यानं लिहिलेलं जात नाही. पुस्तकाची अनुक्रमणिका फाडली तरी पानं राहतात, तसं असतं ते. म्हणजे त्याच दिवशी मी खरं बोललो असतो, डिस्कला हात लावला नसता, तर कुणीतरी जाणकारानं गाणी बाहेर काढली असती. मी त्यावर माझे खेळ लिहिले होते. गाणी पुसली टोपीनं नाही, माझ्या खोट्यानं पुसली.

वत्सलाआजी गेली. बाकीच्याही गेल्या. बाईंनी त्यानंतर कुठल्याही मशीनला हात लावला नाही. मोबाइलसुद्धा नात लावून देते, त्या नुसत्या कानाला धरतात.

ती नात, रुचा, मागच्या महिन्यात आली. "काका, आजीसाठी लॅपटॉप आणलाय. बोललं की मराठीत आपोआप टाइप होतं. आजीला निम्मी गाणी अजून पाठ आहेत, तुम्ही शिकवा तिला." मी गेलो, सगळं लावून दिलं. म्हटलं, बाई, हे बटण दाबा आणि गा. बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले. "नको रे बाबा. माझा हात लागला की बिघडतं. तुला तर ठाऊकच आहे."

मला तर ठाऊकच आहे!

त्या दिवसापासून स्वतःचा असा राग आलाय की डोकं भिंतीवर आपटावं. तरी महिनाभर पळवाटा शोधल्याच. फोनवर सांगू का? रुचाच्या कानावर घालू का? बाईंचं वय झालंय, आता कशाला त्रास — हीही पळवाटच. त्रास तर त्या रोज काढतायत. आता बास. बाईंना बोल लागला तो दादासमोर, तर खरंही दादासमोरच बोललं पाहिजे.

आज रविवार, दादा घरी असतो. सकाळी डबा शेवटचा लावून बघितला. खरखर झाली, टीं वाजलं, रेघ लुकलुकली. मग बंद केला, स्क्रू काढले, डिस्क पिशवीत घातली. गाणी काही मी परत आणू शकत नाही. मला घरात घ्यायचं की हाकलून द्यायचं, ते बाई बघतील. बाईंचे हात पदराबाहेर यायला पाहिजेत, बस. म्हणून सगळ्यांसमोर ही डिस्क त्यांच्या हातावर ठेवणार आणि सांगणार — बाई, ही बिघडलीच नव्हती. आज सकाळपर्यंत चालत होती. तुम्ही काहीच केलं नव्हतं. मी पुसलं.