पंक्चर सायकलवाली

त्यांचं नाव मी विचारलं नाही. पनवेलच्या चौकात मी वाहतूक सर्वेक्षणासाठी सायकली मोजायला उभा होतो. सायकल गेली की हातातल्या यंत्राचं बटण दाबायचं. कोन गावाकडून एक मावशी मागे भाजीची पाटी बांधलेली पंक्चर सायकल ढकलत आल्या. मी बटण दाबलं नाही, हे त्यांनी पाहिलं.

“मला नाय धरलं?”

“चालवणाऱ्यांनाच धरतो, मावशी.”

“नातवंडं झाल्यावर शिकली मी सायकल. अख्खा गाव हसला. आज पंक्चर हाय, म्हनून काय मी पायी चालनारी झाली?”

नियमात बसत नव्हतं, तरी मी बटण दाबलं. आकडा सरकलेला त्यांनी वाकून पाहिला, पदर खोचला आणि घंटी वाजवत, सायकल ढकलत, ताठ मानेनं चौक ओलांडला. गाड्या थांबून राहिल्या.