ऑटिली ब्रांटचं सोमवारचं धुणं

वेक्सलर गावाबाहेर, हायवेच्या कडेला, गेल्या शनिवारी ओतीव धातूची पाटी बसली. १९२८ साली इथे गावाचा पहिला विमानतळ होता, असं तिच्यावर लिहिलं आहे. खाली चार नावं आहेत. चौथं ऑटिली ब्रांटचं.

विमानतळ म्हणजे ब्रांटांचं कुरण. नवरा पेट्रोलची पिंपं सांभाळायचा आणि ऑटिली वाऱ्याची नळी शिवायची. नारिंगी कापडाची, दोन्ही टोकांना उघडी, उंच खांबावर. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरवावं लागतं, म्हणून वैमानिक आधी ती नळी बघत. नेब्रास्कातला वारा दर दोन महिन्यांनी ती फाडायचा.

सोमवार धुण्याचा वार. सोमवारी कुणाच्या दोरीवर कपडे दिसले नाहीत, तर आमच्याकडे शेजारीण विचारपूस करायला जाते. १९३२ सालच्या एका सोमवारी ऑटिलीने धुणं वाळत घातलं आणि उसवलेली नळीही उतरवून शिवायला घेतली. तासाभराचं काम होतं. त्याच तासात टपालाचं विमान आलं. खांब रिकामा पाहून वैमानिक लाइल ऑस्टरगार्डने एक फेरी मारली आणि तिच्या चादरींवरून वारा ओळखला. चादरी कोठाराच्या आडोशाला होत्या. तिथे वारा आपटून उलटा फिरतो. वारा पाठीवर घेऊन तो उतरला. कुरण संपलं तरी विमान थांबलं नाही, ओढ्यात गेलं. लाइल गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. माझा थोरला आत्ता तेवढाच आहे.

त्याने आणखी एक फेरी मारायला हवी होती, असं गाव म्हणालं. ऑटिलीला कुणी बोल लावला नाही. पुढची चव्वेचाळीस वर्षं तिने कपडे तळघरात वाळवले.

पाटीसाठी गावाने समिती नेमली, तिच्यात मजकूर लिहिण्याचं काम माझ्याकडे होतं. ऑटिली समितीच्या बैठकीला आली. सत्तरीची, डोळ्यांत मोतीबिंदू.

"माझं नाव काढा आणि त्या मुलाचं घाला."

"मिसेस ब्रांट," अध्यक्ष मर्ल फ्रीडली म्हणाला, "लोक अर्धं मिनिट गाडी थांबवणार. त्यांना काय मढं दाखवायचं?"

"मग मला कशाला दाखवतोस, मर्ल? मी तरी कुठे टवटवीत आहे?"

सगळे हसले. मर्लने "बघतो" म्हटलं. मी मजकूर बदलून दिला. त्याने कारखान्यात जुनाच पाठवला.

शनिवारी पाटीवर पांढरी चादर टाकलेली होती, ती फडफडत होती. ऑटिलीने माझा दंड धरला होता.

"वारा कुठला गं?"

"पश्चिमेचा."

"तेव्हाही पश्चिमेचाच होता."

चादर निघाली, टाळ्या झाल्या.

"आहे का त्याचं नाव?"

मी पाटी वाचली. दोनदा वाचली.

"आहे," मी म्हणाले.

ती पुढे गेली. पाटीवरची अक्षरं उठावाची आहेत, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. शिवण तपासावी तशी ती एकेका ओळीवरून बोट फिरवत गेली आणि शेवटच्या ओळीवर थांबली.

"ही तर मीच."

मी मान खाली घातली. ती रागावली नाही.

"तेव्हा त्याची आई आली होती," ती म्हणाली. "माझ्या स्वयंपाकघरात बसली, कॉफीला हात लावला नाही. एवढंच विचारलं, खांबावर नळी होती का? मीही 'होती' म्हणाले."