बाबांच्या तोंडात खिळे होते तेव्हा

टाचणी हे काही तिचं खरं नाव नव्हे. जन्मली तेव्हा इतकी बारीक होती, की मामा म्हणाला, "अरे, ही काय टाचणी घेऊन आलात घरी!" आणि ते चिकटलं ते चिकटलंच. पुढे बाई चांगली अंगानं भरली, लग्न झालं, केसांत पांढरे डोकावले, तरी टाचणी ती टाचणीच. जिभेला मात्र नाव शोभून दिसायचं. भाजीवाला असो, वीजबिलाच्या खिडकीवरचा माणूस असो नाहीतर स्वतःचा नवरा असो, ऐकून म्हणून घ्यायची नाही. बोलती बंद व्हायची ती एकाच माणसापुढे. बाबांपुढे.

बाबांचं दुकान होतं जुन्या सोफा-खुर्च्यांना नवं कापड चढवण्याचं. लांबट खोली, पुढे काच, मागे भिंतीला टेकून कापडाचे तागे, आणि मध्ये कायम एखादा सोफा पोट फाडून पडलेला. जुनी बैठक उसवली की आतून काय निघेल याचा नेम नसे. कंगवे, पेन्सिली, एकदा तर कोणाची तरी अख्खी कवळी निघाली होती. ती न्यायला आलेल्या आजोबांनी तिथेच धुऊन लावली आणि मग कुठे मजुरीबद्दल घासाघीस करायला लागले.

दुकानात माणसं तीन. बाबा, मामा आणि टाचणी. मामा म्हणजे टाचणीच्या आईचा धाकटा भाऊ. भरण भरण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. बसणाऱ्याला वाटावं, आपल्यासाठीच मापून भरलंय.

आता या धंद्यातली एक गोष्ट सांगायला हवी. बारीक खिळे हातात घेत बसलं तर कामाचा खोळंबा होतो. एका हातानं कापड ताणून धरायचं असतं आणि दुसऱ्यात हातोडी असते. म्हणून खिळे मूठभर तोंडात टाकायचे, जिभेनं एकेक ओठाशी आणायचा, हातोडीच्या टोकाला लोहचुंबक असतो त्यावर चिकटवायचा, आणि ठक! नवख्याला बघूनच घाम फुटतो. पण त्यामुळे झालं काय, की त्या दुकानात धड बोलणं असं कधी झालंच नाही. एकदा "हूं" म्हणजे हो, दोनदा "हूं हूं" म्हणजे नाही, आणि लांबलचक "हूंऽऽ" म्हणजे चहाचं काय झालं? एवढ्या तीन शब्दांवर वीसेक वर्षांचा कारभार चालला होता.

आणि कारभार बाबांचा. कापडावर खडू फिरवायचा तो बाबांनीच. टाचणी उसवायची, पट्ट्या ताणायची, बटणं ओढून बसवायची, शिवायची. पण खडू हातात घेतला की बाबांचं "हूं हूं" आलंच. खिडकी बंद, कारण बाबांना वारा सोसत नाही. रेडिओवर बाबांचंच स्टेशन. सोफ्याचे हात गोलच करायचे, गिऱ्हाईक सरळ मागून मागून थकलं तरी गोलच. आणि गिऱ्हाइकानं विचारलं, "ही कोण?" की बाबांचं ठरलेलं उत्तर, "मुलगी. मदत करते मला."

मदत करते! त्या शब्दानं तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. घरी जाऊन भांडी आपटायची. दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांच्या आधी दुकानात हजर.

तर एक दिवस गल्लीच्या तोंडाशी असलेलं घड्याळजीचं दुकान रिकामं झालं. खोली लहान, पण दोन खिडक्या, दोन्ही उघडणाऱ्या. मालकीण निवृत्त नर्स, फटकळ बाई. टाचणीला म्हणाली, "तुला हवी असेल तर शनिवारपर्यंत सांग. नाहीतर चप्पलवाला तयार आहे." टाचणीनं त्या खोलीत उभं राहून मनातल्या मनात सगळं मांडलं सुद्धा. इथे टेबल, इथे तागे, आणि इथे फळीवर आपला खडू. तिला गुदगुल्या झाल्या. आणि लगेच बाबा आठवले.

दुकान सोडायचं होतं. बाबा सोडायचे नव्हते. पण बाबांपुढे तोंड उघडायचं कसं? आपण तोंड उघडलं आणि म्हातारा कायमचा मुका झाला तर? मग तिनं भित्र्या माणसाचा बेत केला. पाठ दुखते म्हणायचं, आठवडाभर जायचं नाही, मग मामाकडून दुकानाची किल्ली परत पोचवायची आणि कळेल तेव्हा कळेल.

तिचा नवरा शाळेत इतिहास शिकवायचा, म्हणून तीही त्याला मास्तरच म्हणायची. त्याला एक खोड होती. दुसऱ्या दिवशीचा धडा तो आदल्या संध्याकाळी बायकोवर करून बघायचा. शनिवार तोंडावर आला होता आणि मास्तर पोळीचा तुकडा हातात धरून सांगत होते, "तर एक देश होता, दूरच्या राजाच्या ताब्यातला. तिथल्या लोकांनी ठरवलं, आपण वेगळं व्हायचं. आणि तसा जाहीरनामा काढला. त्यात लिहिलं, सगळी माणसं सारखी जन्माला येतात. जगण्याचा, मोकळं असण्याचा, आपलं सुख शोधण्याचा हक्क ती जन्मतःच घेऊन येतात, कोणी देत नाही."

"बायका?"

"अं?"

"सगळ्या माणसांत बायका होत्या का?"

मास्तरांनी पोळी खाली ठेवली. "नव्हत्या. गुलामही नव्हते. लिहिणाऱ्यांतल्या कित्येकांच्या घरी गुलाम राबत होते."

"मेले! मग सगळी म्हणजे कोण?"

"हेच तर पुढे लोक विचारत राहिले. तुम्हीच लिहिलंय ना, सगळी? मग आम्ही कुठे आहोत? तोच कागद पुढे करून विचारत राहिले, पिढ्यान्‌पिढ्या."

"म्हणजे लिहून ठेवलं ते बरंच झालं," टाचणी म्हणाली. "मग?"

"मग म्हणाले, राज्य करणाऱ्याला सत्ता येते कुठून? ज्यांच्यावर राज्य करायचं, त्यांच्या संमतीतून. ती नसेल तर राज्य बदलायचा त्यांना हक्क आहे. पण हेही म्हणाले, की क्षुल्लक कारणासाठी असं करू नये. आणि लोक करतही नाहीत. सवयीचा जाच माणूस सोसत राहतो, सोसवेल तोवर."

टाचणीचा घास हातातच राहिला. "हूं," ती म्हणाली. दुकानातलं हूं.

"आणि मला सगळ्यात काय आवडतं सांगू? पहिलंच वाक्य. वेगळं व्हायचं तर त्याची कारणं सांगावीत, लोकांच्या मताचा तेवढा मान राखावा, असं म्हणाले. गुपचूप पळून नाही गेले. राजानं काय काय केलं, ते एकेक करून सगळ्या जगासमोर सांगितलं."

टाचणीनं ताट बाजूला सारलं. "तुम्हाला माझ्या पाठदुखीचं कोणी सांगितलं?"

"कोणाची पाठ?" मास्तर खरोखरच गोंधळले. बिचाऱ्याला काही माहीत नव्हतं. टाचणी मात्र लाजेनं लाल झाली होती.

शुक्रवारी दुपारी बाबांनी मोठ्या सोफ्याची पाठ घेतली. हे काम एकदा सुरू झालं की मध्ये सोडता येत नाही, नाहीतर कापड सैल पडतं. बाबांनी मूठभर खिळे तोंडात टाकले, मामानं समोरून कापड ताणून धरलं, त्याच्याही तोंडात खिळे. टाचणीनं मुद्दाम हीच वेळ धरली होती. लबाड बाई! ती उठली आणि तिनं रेडिओ बंद केला. त्या दुकानात असं कधी घडलं नव्हतं. मामाच्या भुवया कपाळाला भिडल्या.

"बाबा," ती म्हणाली. "सगळी माणसं सारखीच जन्माला येतात."

बाबांनी मान वर करून पाहिलं. नाही कोण म्हणतंय, असा चेहरा.

"तुम्ही इथले मालक. पण का? मी आणि मामा तुम्हाला मालक मानतो म्हणून. मी आजवर मानलं, आनंदानं मानलं. तुम्ही मला हातोडी धरायला शिकवलं, ते मी विसरलेले नाही. पण तुम्ही मला खडू दिला नाही." ठक. "खिडकी उघडू दिली नाही. माझ्या डोक्यात बारा महिने धूळ." ठक. "लोक सरळ हात मागतात, मी करू शकते, तुम्ही करू देत नाही." ठक. "सुट्टी कधी घ्यायची ते तुम्ही ठरवता, ते सुद्धा त्याच दिवशी सकाळी." ठक. "आणि मी मदत करते म्हणता! अहो बाबा, मदत शेजारीण करते. मी काम करते!"

हे शेवटचं ती इतक्या जोरात म्हणाली, की काचेबाहेरून जाणारा एक माणूस थांबून आत बघायला लागला. बघेना का! तिला आता थांबायचं नव्हतं.

"गल्लीच्या तोंडाशी मी उद्यापासून खोली घेतेय. भांडून जात नाही, पळूनही जात नाही. पळून जाणार होते, खरं सांगते. पण मग ठरवलं, कारणं सांगायची. तुमचा तेवढा मान आहे. झालं माझं."

ठक. ठक. कापडाची कड संपली तेव्हा बाबांनी हातोडी ठेवली, उरलेले खिळे तळहातावर काढले, ओठ पुसले. मनात आणलं असतं तर ते केव्हाही बोलू शकले असते. खिळे थुंकायला असा कितीसा वेळ लागतो! पण ते ऐकत राहिले होते.

"सगळं सांगितलंस?"

"हो."

"एक राहिलं."

टाचणीला कळेना. "काय राहिलं?"

बाबा सोफ्याच्या लाकडी कडेवर बसले. "मला ताप आला होता, तेव्हा तू दातांच्या डॉक्टरांची उंच पाठीची खुर्ची केलीस. एकटीनं. खडूसुद्धा तूच फिरवलास. मी बरा झाल्यावर बघायला गेलो आणि येऊन तुला काय म्हणालो?"

"मागची शिवण तिरकी आलीये म्हणालात." तिचा आवाज बारीक झाला. ही तक्रार तिच्या मनातसुद्धा आली नव्हती. कारण ती तक्रार नव्हतीच. शिवण तिरकी आली होती, चूक तिची होती, असंच ती इतकी वर्षं धरून चालली होती. त्यानंतर तिनं खडूसाठी हात पुढे करणं जवळजवळ सोडूनच दिलं होतं.

"तिरकी नव्हती," बाबा म्हणाले. "मी त्या खुर्चीत बसलो, तर उठावंसं वाटेना. मला वाटलं, आता ही राहायची नाही आपल्याकडे. म्हणून म्हणालो तसं. खोटं बोललो मी. हे तुझ्या यादीत पाहिजे होतं."

टाचणीला आधी संताप आला. असला संताप, की समोरची हातोडी उचलून आपटावी. आणि मग कुठून कोण जाणे, हसू आलं. डोळ्यांतून पाणी आणि तोंडातून हसू, दोन्ही एकदमच. "बाबा! अहो, किती वर्षं! शिवण आठवली की मला झोप लागत नव्हती!"

"हूं," बाबा म्हणाले. आणि मग, हे पुरेसं नाही हे त्यांनाच कळलं असावं, "चुकलं माझं," असंही म्हणाले.

तेवढ्यात मामानं आपल्या तोंडातले खिळे काढले. "दाजी, सगळी माणसं सारखी, तर मग रेडिओचं काय?"

"तुला काय झालं आता?"

"मला ते स्टेशन आवडत नाही. पहिल्या दिवसापासून."

"मग बोलला का नाहीस?"

"तोंडात खिळे होते," मामा म्हणाला आणि जाऊन त्यानं रेडिओचं बटण फिरवलं. खिडकीही उघडली, वर ढकलून. बाबा बघत राहिले. मग त्यांनी टोपी उचलली आणि टाचणीला म्हणाले, "चल."

"कुठे?"

"चल म्हणतो ना! बरं, येतेस का?"

दातांच्या डॉक्टरांकडे गर्दी होती. कोणी गाल धरून, कोणी रुमाल लावून बसलेलं. कोपऱ्यात ती उंच पाठीची खुर्ची, आणि तीत गाल सुजलेल्या एक आजीबाई. बाबांनी त्यांना हात जोडले, "जरा उठता का? एक मिनिट." आजीबाई बिचाऱ्या उठल्या. बाबांनी टाचणीला खुर्चीत बसवलं. तिनं पाठ टेकली. मान जिथे टेकायला हवी, तिथेच टेकली. हात मागे नेऊन तिनं शिवणीवरून बोट फिरवलं, वरपासून खालपर्यंत. सरळ होती.

"तुमचा कितवा नंबर?" टेबलामागच्या मुलीनं विचारलं. "काय होतंय?"

"काही होत नाहीये," टाचणी म्हणाली. "मी फक्त बसलेय."

आणि बाबा, ज्यांना उभ्या जन्मात तीन शब्दांपलीकडे जावं लागलं नव्हतं, ते त्या सगळ्या सुजलेल्या गालांकडे तोंड करून उभे राहिले, घसा खाकरला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "ही खुर्ची हिनं केलीये. एकटीनं. गल्लीच्या तोंडाशी उद्यापासून हिचं स्वतःचं दुकान आहे."